मोटारगाडी नमुना-संकेत, जर्मन

जर्मन कारखानदारांनी आपल्या मोटारगाड्यांना व मालवाहू वाहनांना दिलेली अंकाक्षरी विक्रीनावे आणि त्यांच्या बांधणीचे अंतर्गत क्रमांक या दोहोंस मिळून नमुना-संकेत असे म्हणता येईल. गाडीच्या मागील झाकणावर धातूच्या अक्षरांत दिसणारे नाव (उदा., २४० डी) हे ग्राहकासाठी असते. सांगाड्यावर (चासीवर) ठोकलेला व कारखान्याच्या आलेखनांत वापरला जाणारा क्रमांक (उदा., डब्ल्यू १२३) हा अभियंता, भांडारपाल व दुरुस्ती करणारा कारागीर यांच्यासाठी असतो. पहिले नाव बाजारपेठेच्या गरजेनुसार बदलते, एका गाडीवरून दुसरीवर जाते आणि कधी वस्तुस्थितीशी विसंगतही असते. दुसरा क्रमांक एका विशिष्ट बांधणीस एकदाच दिला जातो. यामुळे जुन्या गाडीचा इतिहास ठरविताना झाकणावरील नाव हे केवळ सूचक मानावे लागते. निर्णायक पुरावा अंतर्गत क्रमांकाचाच असतो.

महाराष्ट्रातील वाचकास हा विषय वाटतो तितका परका नाही. जर्मन संकेतपद्धती या राज्यात आलिशान गाड्यांपेक्षा मालमोटारी व टेंपो यांच्याद्वारे अधिक रुजली. नाशिक येथे मुंबई-आग्रा महामार्गास पुण्याकडून येणारा रस्ता द्वारका चौकात मिळतो. त्या चौकातून जाणाऱ्या अनेक मालवाहू गाड्यांच्या दर्शनी भागावर जे तीन-चार आकडी क्रमांक दिसतात, त्यांचे व्याकरण मूळचे श्टुटगार्टचे आहे.

मर्सेडिस-बेंझ : डाइमलर व बेंझ या दोन कंपन्यांचे १९२६ मध्ये एकत्रीकरण होऊन डाइमलर-बेंझ कंपनी स्थापन झाली. तिच्या गाड्यांच्या अंतर्गत क्रमांकाआधी येणारे ‘डब्ल्यू’ हे अक्षर ‘व्हागेन’ म्हणजे गाडी या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय. पुढे मूळ बांधणीपासून निघालेल्या प्रकारांसाठी निराळी अक्षरे रूढ झाली : आर् (उघडी दोन आसनी गाडी), सी (दोन दारांची कूपे), ए (कापडी छताची गाडी), एस् (मागे सामानाची मोठी जागा असलेली गाडी) आणि व्ही (लांब केलेली गाडी). एंजिनांसाठी ‘एम्’ (मोटर) व डीझेल एंजिनांसाठी ‘ओएम्’ (तेल-एंजिन) ही अक्षरे आहेत. गाडी व एंजिन यांच्या क्रमांकमाला स्वतंत्र आहेत, ही गोष्ट विसरल्यास घोटाळा होतो. एम् १८० हे सहा सिलिंडरांचे एंजिन प्रथम डब्ल्यू १८० या गाडीत नव्हे, तर १९५१ च्या डब्ल्यू १८७ मध्ये बसविले गेले.

विक्रीनावातील अंक दीर्घकाळ एंजिनाची घनक्षमता दर्शवीत. २२० म्हणजे २.२ लिटर, ३०० म्हणजे ३ लिटर. त्यामागील अक्षरांपैकी डी हे डीझेलचे, ई हे इंधन अंतःक्षेपणाचे, सी हे कूपेचे व टी हे प्रवास आणि वाहतूक अशा दुहेरी उपयोगाच्या गाडीचे द्योतक होय. एल् या अक्षराचा अर्थ स्थानपरत्वे बदलतो. ३०० एसईएल् मध्ये तो ‘लांग’ म्हणजे लांब, तर ३०० एसएल् मध्ये ‘लाइख्ट’ म्हणजे हलका असा आहे. एकच अक्षर दोन परस्परभिन्न गुणांसाठी वापरले गेल्यामुळे केवळ नावावरून अर्थ लावणे धोक्याचे ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘२२०’ हे नाव. १९५१ मधील २२० ही डब्ल्यू १८७ होती. स्वतंत्र चौकट आणि युद्धपूर्व वळणाचे पुढचे पंखे ही तिची लक्षणे होत. १९५४ मध्ये आलेली २२० ए ही डब्ल्यू १८० असून तिचे कवच व तळ एकसंध होते. १९५९ मधील २२० बी ही डब्ल्यू १११ असून अपघातात प्रवासी-कक्ष टिकून राहावा व पुढचा-मागचा भाग दबून आघात शोषला जावा, या तत्त्वावर तिची रचना केलेली होती. या तिन्ही गाड्यांत सहा सिलिंडरांचे एंजिन होते. १९६८ मध्ये हेच नाव चार सिलिंडरांच्या डब्ल्यू ११५ या गाडीस मिळाले. अशा रीतीने सतरा वर्षांत एका नावाखाली चार भिन्न बांधण्या होऊन गेल्या. ‘२२० चा सुटा भाग’ अशी मागणी केल्यास दुकानदाराच्या हाती काहीच निश्चित येत नाही. १८७, १८०, १११ किंवा ११५ असे सांगितले की प्रश्न सुटतो.

उलट बाजूने पाहता एकाच अंतर्गत क्रमांकाखाली अनेक विक्रीनावे नांदतात. डब्ल्यू ११३ या दोन आसनी गाडीच्या मधोमध दबलेल्या छतामुळे तिला ‘पॅगोडा’ असे टोपणनाव पडले. ती १९६३ पासून प्रथम २३० एसएल्, मग २५० एसएल् व शेवटी २८० एसएल् या नावांनी विकली गेली. डब्ल्यू १२३ (१९७६) या बांधणीत २०० पासून ३०० डी पर्यंतच्या नावांची मोठी मालिका होती. १९६८ च्या जोड-बांधणीत चार सिलिंडरांच्या गाड्यांना डब्ल्यू ११५ व सहा सिलिंडरांच्या गाड्यांना डब्ल्यू ११४ असे क्रमांक देण्यात आले. आधीच्या गाड्यांपासून त्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या नावापुढे सालदर्शक ‘/८’ लिहीत, त्यावरून जर्मनीत ‘श्ट्रिख-आख्ट’ (रेघ-आठ) हे त्यांचे लोकप्रिय नाव झाले.

नाव व एंजिन यांची फारकत १९६८ च्या ३०० एसईएल् ६.३ या गाडीत स्पष्ट दिसते. तिचे एंजिन ३ लिटरचे नसून ६.३ लिटरचे होते व तेवढ्यासाठी नावास शेपूट जोडावे लागले. १९८२ मधील डब्ल्यू २०१ बांधणीच्या १९० ई मध्ये तर २ लिटरचे एंजिन होते. परंतु २०० हे नाव मोठ्या गाडीकडे असल्याने लहान गाडीस खालचा आकडा देण्यात आला. येथून पुढे आकडा हा मापाऐवजी दर्जाचा निदर्शक होऊ लागला. १९९३ मध्ये वर्गाचे अक्षर आकड्याआधी आणण्यात आले व २२० ई ची ई २२० झाली. या बदलाबरोबर ‘ई’ चा अंतःक्षेपण हा अर्थ संपून गाडीच्या वर्गाचे नाव हा अर्थ सुरू झाला.

बी. एम्. डब्ल्यू. : म्यूनिकच्या या कंपनीत आरंभी उत्पादनाच्या प्रकारानुसार शतकांची विभागणी होती. विमान-एंजिनांना १०० पासून, मोटारसायकलींना २०० पासून व मोटारगाड्यांना ३०० पासून पुढचे क्रमांक मिळत. १९३३ ची ३०३, त्यानंतरच्या ३१५ व ३१९ आणि १९३६ पासूनची ३२८ ही शर्यतीत गाजलेली गाडी ही सर्व या मालेतील होत. ३१५ व ३१९ मधील अखेरचे दोन अंक अनुक्रमे १.५ व १.९ लिटरशी जुळतात, पण ३२६, ३२७ व ३२८ या तिन्ही गाड्या २ लिटरच्याच असल्याने तेथे तो नियम लागू पडत नाही. युद्धोत्तर काळात ५०१, ५०२, ५०३ व ५०७ या गाड्या आल्या. १९६२ पासूनच्या १५०० या गाडीने घनक्षमतेवर आधारलेली नावे प्रचारात आणली. १९६८ च्या २००२ मधील २० हे २ लिटरचे व अखेरचा २ हा दोन दारांचा निदर्शक आहे. त्याचा सालाशी संबंध नाही.

१९७२ मध्ये ५२० या गाडीपासून आजची पद्धत सुरू झाली. पहिला अंक गाडीच्या श्रेणीचा व पुढील दोन एंजिनाचे. याच सुमारास ‘एन्ट्व्हिकलुंग’ म्हणजे विकास या शब्दावरून आलेले ई हे अक्षर अंतर्गत क्रमांकांत स्थिर झाले. ई ३ (१९६८) ही मोठी सहा सिलिंडरांची गाडी, ई १२ ही पहिली पाच-श्रेणी, ई २१ (१९७५) ही पहिली तीन-श्रेणी, ई २३ (१९७७) ही पहिली सात-श्रेणी. हे क्रमांक प्रकल्प हाती घेतल्याच्या क्रमाने दिले जात. त्यामुळे त्यांच्यात गाडीच्या आकाराचा किंवा दर्जाचा क्रम शोधणे व्यर्थ होय. ई २८ ही पाच-श्रेणीची, तर ई ३० ही तीन-श्रेणीची गाडी आहे. विक्रीनावातील आकड्यांनीही पुढे मापाची साथ सोडली. इंधन-बचतीसाठी मंदगती एंजिन बसविलेल्या ३२५ ई मध्ये २.७ लिटरचे, तर टर्बोभारित ७४५ आय् मध्ये आरंभी ३.२ लिटरचे एंजिन होते. ३.२ ला १.४ ने गुणले असता सु. ४.५ येतात. टर्बोभारणाने वाढलेल्या शक्तीचा हिशेब असा नावात धरलेला होता.

पोर्श व फोक्सवॅगन : फेर्डिनांट पोर्श यांनी १९३१ मध्ये श्टुटगार्ट येथे अभिकल्प-कार्यालय काढले. तेथे हाती घेतलेल्या प्रत्येक कामास क्रमांक मिळे, मग ते मोटारगाडीचे असो वा केवळ एखाद्या सुट्या भागाचे. व्हांडरर कंपनीसाठी केलेल्या पहिल्या गाडीस ७ हा क्रमांक दिला गेला. नव्या कार्यालयाकडे आधीचे काम नाही, असे गिऱ्हाइकास वाटू नये हा त्यामागील हेतू असल्याचे सांगतात. आउटो-यूनिओनची शर्यतीची गाडी ही या मालेत २२ वी, लोकगाडी म्हणजे फोक्सवॅगन ही ६० वी व पोर्श नावाने विकलेली पहिली गाडी ३५६ वी (१९४८). कामाचा क्रमांक हाच विक्रीनाव होण्याची प्रथा येथून पडली.

या प्रथेस कायद्याचा अडथळा १९६४ मध्ये आला. फ्रँकफुर्ट प्रदर्शनात १९६३ मध्ये मांडलेली नवी गाडी ९०१ या नावाची होती. मधला अंक शून्य असलेली तीन आकडी नावे फ्रान्समध्ये आपल्या हक्काची आहेत, अशी हरकत प्यूजो कंपनीने घेतली. तेव्हा पोर्शने मधल्या शून्याच्या जागी १ घालून गाडीचे ९११ असे नामांतर केले. तथापि कारखान्यातील सुट्या भागांचे ९०१ ने सुरू होणारे क्रमांक तसेच राहिले. बाजारातून पुसले गेलेले नाव भांडारात टिकून राहिल्याचे हे ठळक उदाहरण होय. पुढे ९११ हे विक्रीनाव कायम ठेवून बांधण्या बदलत गेल्या व ९३० (टर्बो, १९७५), ९६४, ९९३ असे अंतर्गत क्रमांक पडत गेले. यामुळे जाणकार मंडळी ‘९११’ एवढ्यावर न थांबता हे क्रमांक सांगतात.

फोक्सवॅगनची अंतर्गत गणना अगदी साधी होती. टाइप १ म्हणजे ‘बीटल’, टाइप २ म्हणजे डब्याच्या आकाराची वाहतूक-गाडी, टाइप ३ (१९६१) व टाइप ४ (१९६८) या मोठ्या प्रवासी गाड्या. बाजारात मात्र बीटलला १२००, १३००, १५०० अशी घनक्षमतेची नावे होती.

मालवाहू वाहने व महाराष्ट्र : टाटा एंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी (टेल्को, २००३ पासून टाटा मोटर्स) व डाइमलर-बेंझ यांच्यात १९५४ मध्ये पंधरा वर्षांचा सहकार्य-करार होऊन जमशेटपूर येथे मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले. डाइमलर-बेंझच्या मालमोटारींची नावे त्या काळी दोन पद्धतींच्या संधिकालात होती. जुन्या पद्धतीत आकडा किग्रॅ. मधील भारक्षमता सांगे (उदा., एल् ३५००), नंतर काही वर्षे बांधणी-क्रमांकच नाव म्हणून वापरला गेला (उदा., एल् ३१२). १९६३ मध्ये नवी पद्धत आली. तीत अखेरचे दोन अंक दहाने गुणले असता अश्वशक्ती मिळते व आधीचे अंक वाहनाचे एकूण भारित वजन टनांत सांगतात. १२१० म्हणजे सु. १२ टन व सु. १०० अश्वशक्ती. आधीच्या अक्षरांपैकी एल् म्हणजे ‘लास्टव्हागेन’ (मालमोटार), पी म्हणजे चालकाचा कक्ष एंजिनावर असलेली रचना, के म्हणजे ‘किपर’ (माल ओतणारी गाडी) व ओ म्हणजे बस.

करार १९६९ मध्ये संपला व गाड्यांवरील त्रिकोणी तारा जाऊन ‘टी’ हे चिन्ह आले. परंतु संकेतांचे व्याकरण तसेच राहिले. १९८६ मध्ये बाजारात आलेल्या ‘४०७’ या हलक्या मालवाहू गाडीचे नाव त्याच नियमाने बनलेले आहे : सु. ४ टन व सु. ७० अश्वशक्ती. गाडी पूर्णपणे भारतीय अभिकल्पाची, नाव मात्र जर्मन रीतीचे. ‘चारशे सात’ हा आज मराठी बोलीतला शब्द झाला असून भाजीपाला, द्राक्षे किंवा घरसामान वाहून नेण्यासाठी गाडी ठरविताना तो मापासारखा वापरला जातो. वापरणाऱ्यास त्यातील चार व सात यांची फोड ठाऊक नसली, तरी ‘सातशे नऊ’ ही त्याहून मोठी गाडी हे त्यास अचूक कळते. एंजिनांच्या बाबतीत टेल्कोने स्वतःची अधिक अर्थवाही पद्धत स्वीकारली. ६९७ या एंजिनातील ६ ही सिलिंडरांची संख्या व ९७ हा सिलिंडराचा मिमी. मधील व्यास होय. ४९७ हे त्याच व्यासाचे चार सिलिंडरांचे एंजिन.

दुसरा प्रवाह हांबुर्गजवळील हारबुर्ग येथून आला. तेथील व्हिडाल आणि पुत्र या कंपनीच्या ‘टेंपो’ गाड्यांच्या उत्पादनासाठी १९५८ मध्ये बजाज टेंपो कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना पुढे पुण्याजवळ आकुर्डी येथे वाढला. ‘हान्झेआट’ ही तीनचाकी व ‘मॅटाडोर’ ही चारचाकी या तिच्या ख्यातनाम गाड्या. मॅटाडोरचे एफ् ३०५ व एफ् ३०७ हे संकेत कारागिरांपुरते मर्यादित राहिले. याउलट ‘टेंपो’ हे व्यापारी नाव मराठीत सामान्यनाम होऊन कोणत्याही कंपनीच्या लहान मालवाहू गाडीस लागू झाले. २००५ मध्ये कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव धारण केले, तरी शब्द राहिलाच.

याच कंपनीने डाइमलर-बेंझच्या परवान्याने ओएम् ६१६ हे चार सिलिंडरांचे, सु. २.४ लिटरचे डीझेल एंजिन बनविले व ते ट्रॅक्ससारख्या गाड्यांत बसविले. १९७३ मध्ये प्रथम डब्ल्यू ११५ बांधणीच्या २४० डी मध्ये व नंतर डब्ल्यू १२३ मध्ये वापरले गेलेले एंजिन हेच. ग्रामीण महाराष्ट्रात प्रवासी वाहून नेणारी गाडी आणि युरोपातील प्रतिष्ठित टॅक्सी यांचे हे नाते बाह्यरूपावरून किंवा विक्रीनावावरून कळणे शक्य नाही. ते केवळ एंजिनाच्या संकेतावरून उलगडते. २४० डी चे जुने एंजिन दुरुस्त करणाऱ्या भारतीय मालकास सुटे भाग कोठे शोधावेत, याचे उत्तरही त्याच संकेतात दडलेले आहे. मात्र दोन्हीकडील प्रत्येक भाग अदलाबदलीस योग्य असेलच असे नाही. एंजिन-कुलाचा क्रमांक हा शोधाचा आरंभबिंदू होय.

प्रवासी गाड्यांच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान १९९५ मध्ये निश्चित झाले. त्या वर्षी पिंपरी येथे टेल्कोच्या सहकार्याने मर्सेडिस-बेंझच्या ई-वर्गातील गाड्यांची जुळणी सुरू झाली; २००९ मध्ये हा कारखाना चाकण येथे गेला. पिंपरीत प्रथम जुळविलेली गाडी डब्ल्यू १२४ होती. ही बांधणी १९८४ मधील असून १९९५ मध्येच युरोपात तिची जागा घेणारी डब्ल्यू २१० अवतरली. विक्रीनाव ‘ई-वर्ग’ हे दोन्ही ठिकाणी एकच असल्याने गाडी चालू पिढीची की मागील, हे नाव सांगत नव्हते. संकेत सांगत होता. आज संग्राहकांना डब्ल्यू १२४ तिच्या टिकाऊपणामुळे विशेष प्रिय आहे, हा त्या प्रसंगाचा उत्तरार्ध होय.

सांगाडा क्रमांकाचे वाचन : जुन्या मर्सेडिस-बेंझ गाडीच्या सांगाडा क्रमांकात प्रथम बांधणीचे तीन अंक, नंतर कवच व एंजिन यांचे तीन अंक, मग सुकाणूचा एक अंक (१ डावे, २ उजवे), गतिबदल यंत्रणेचा एक अंक (० हस्तचलित, २ स्वयंचलित) व अखेर अनुक्रमांक येतो. १२३.१२३-२० असा आरंभ असलेली गाडी म्हणजे उजव्या सुकाणूची, हस्तचलित गतिबदलाची २४० डी. भारतात परदेशांतून आलेल्या जुन्या गाड्यांपैकी एखादीचे सुकाणू मूळचेच उजवीकडे होते की मागाहून हलविले गेले, हे या एका अंकावरून कळते. एंजिनाचा क्रमांकही असाच बोलका असतो. वरील गाडीच्या मूळ एंजिनाचा क्रमांक ६१६.९१२ ने सुरू होतो. तो तसा नसेल, तर एंजिन बदललेले आहे असे समजावे.

सतरा स्थानांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे मानक १९७७ मध्ये ठरले. त्यात १ व ० या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून आय्, ओ व क्यू ही अक्षरे वर्ज्य आहेत. आरंभीचे डब्ल्यू हे अक्षर जर्मनीचे असून डब्ल्यूडीबी हे डाइमलर-बेंझचे, डब्ल्यूबीए हे बी. एम्. डब्ल्यू. चे व डब्ल्यूपी० हे पोर्शचे चिन्ह होय. एम्एटी हे टाटा मोटर्सचे आहे. येथील ‘डब्ल्यू’ व बांधणी-क्रमांकातील ‘डब्ल्यू’ (व्हागेन) यांचा परस्परांशी संबंध नाही. दहाव्या स्थानी नमुना-वर्षाचे चिन्ह असते असे सर्वसाधारणपणे शिकविले जाते; परंतु युरोपसाठी बनविलेल्या त्या काळच्या मर्सेडिस-बेंझमध्ये त्या स्थानी सुकाणूचा अंक असतो. अमेरिकी नियमाने तो वाचल्यास गाडीचे वय चुकीचे ठरते.

उपयोग व मर्यादा : संकेतांच्या ज्ञानाचा पहिला उपयोग योग्य सुटा भाग मिळविण्यासाठी व दुसरा अस्सलपणा ठरविण्यासाठी होतो. झाकणावरील अक्षरे दोन स्क्रूंनी किंवा डिंकाने बसविलेली असतात व बदलता येतात. साध्या गाडीस महागड्या नमुन्याची अक्षरे लावून ती विकण्याचे प्रकार जगभर आढळतात. तिसरा उपयोग वैधानिक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये सांगाडा व एंजिन यांचे क्रमांक वाहनावर ठोकलेले असणे आवश्यक आहे. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र तरतूद होऊन त्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली नोंदणीमाला मिळाली. जुन्या नोंदणी-पुस्तिकांत गाडीचे केवळ विक्रीनाव लिहिलेले आढळते, कधी अर्धवट किंवा चुकीचे. सांगाड्यावरील क्रमांक गंजून किंवा रंगाखाली गाडून गेला, तर अशा गाडीची ओळख सिद्ध करण्याचे साधनच नष्ट होते व ती भंगारात जाते.

संकेतांसही मर्यादा आहेत. ते गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या क्षणाची स्थिती सांगतात. पुढील पन्नास वर्षांत तिच्यावर काय घडले हे कळण्यासाठी देयके, नोंदणीचे कागद व कारागिरांच्या वह्या यांचीच गरज लागते. जर्मन कंपन्यांनी आपल्या उत्पादनाच्या नोंदी अभिलेखागारांत जपल्या आहेत व अनुक्रमांकावरून त्यांतील माहिती मिळविता येते. महाराष्ट्रात जुळविलेल्या वा बनविलेल्या मॅटाडोर व हान्झेआट गाड्या मात्र कष्टाच्या कामात झिजून गेल्या आणि राहिलेल्यांपैकी फारच थोड्यांकडे संग्राह्य वस्तू म्हणून पाहिले गेले. त्यांचे सांगाडा क्रमांक टिपून ठेवणे हे या राज्याच्या औद्योगिक इतिहासाच्या साधनांचे जतन करणे होय.